मालगाडीचं निमित्त

"नळी आभाळाकडे, बोट चापाबाहेर,
उंबरा ओलांडायच्या आधी गोळी काढ बाहेर."

माझ्या बापाचा आवाज. मी नऊ वर्षांची, मागच्या पडवीत उभी. बुटांवरचं बर्फ वितळून फरशीवर डबकं झालेलं. बाप माझ्या पाठीशी वाकून उभा राहायचा, त्याच्या श्वासाला कॉफीचा आणि थंडीचा वास. एकदा त्याने म्हणायचं, एकदा मी. दोघांचं नीट जुळल्याशिवाय आतलं दार उघडायचं नाही. आत आई हाका मारून थकायची, सूप निवून जायचं, पण बाप हलायचा नाही. "पुन्हा म्हण. घाई झाली तुझी." मला देवाची प्रार्थना पाठ व्हायच्या आधी या दोन ओळी पाठ झाल्या.

बापाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आमच्या टॅमरॅक फोर्कमध्ये ज्या घरात अशा ओळी नाहीत ते घर शोधावं लागेल. शब्द थोडे इकडचे तिकडे, एवढंच. मिनेसोटाच्या या उत्तरेच्या टोकाला बंदूक म्हणजे भीती नव्हे. फावडं असतं, कुऱ्हाड असते, तशी बंदूक असते. मी शिवणकाम करते. वसंतात मुलींचे नाचाचे झगे, आणि पानं पिवळी पडू लागली की शिकारीची नारिंगी जाकिटं. फाटलेल्या खिशात काडतूस सापडलं नाही असं एक वर्ष जात नाही. पिना ठेवते त्याच बशीत मी ते काढून ठेवते आणि जाकीट न्यायला माणूस आला की हातावर देते. तो म्हणतो, "अरे, हे शोधत होतो." मी म्हणते, "दोन डॉलर जास्त." हसतो दोघं.

अशा गावात राहून, त्या ऑक्टोबरात, मी माझ्या पोराशी एक खोटं बोलले.

टोबिन तेव्हा सोळा वर्षांचा. उन्हाळ्यात त्याचा एकुलता मित्र एझ्रा आईबापाबरोबर अ‍ॅरिझोनाला निघून गेला आणि पोराचा आवाजच जणू त्यांच्या ट्रकमध्ये सामानाबरोबर भरला गेला. बर्फावरची हॉकी सोडली. कॅनडाकडून बदकं उतरली की आधी मला ओढत तळ्यावर न्यायचा, तेही थांबलं. खोलीचं दार लोटलेलं. जेवायला यायचा, ताट घेऊन जायचा.

"कसा गेला दिवस?"

"वाईट नाही."

आता हे उत्तर कुठल्या आईने मनावर घ्यावं? आमच्याकडे सगळ्याला हेच उत्तर. लग्न कसं झालं? वाईट नाही. पोटाचं ऑपरेशन? वाईट नाही. माझा नवरा वेंडेल एकदा गोठलेल्या तळ्यात ट्रकसकट कमरेपर्यंत बुडाला होता. ओढून काढल्यावर कोणीतरी विचारलं, तर दात वाजत असताना म्हणाला, "वाईट नाही, पण पाणी जरा गार आहे."

सप्टेंबरात एका रात्रीच्या जेवणाला टीव्हीवर दुसऱ्या कुठल्या राज्यातली शाळा दाखवत होते. पिवळी फीत, फुलं, मेणबत्त्या, आणि गोळ्या झाडणाऱ्या मुलाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो. कानाशी केस वाढलेले, ओठ मिटलेले. वेंडेल म्हणाला, "वेळीच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या कोणीतरी." टोबिन पावाला लोणी लावत होता. वर न बघता म्हणाला, "दुपारी जेवताना त्याच्या शेजारी कोणी बसत नसेल."

बस, एवढंच. पाव खाऊन उठला. पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं, गिळलेल्या पिनेसारखं. कुठे टोचतंय ते दाखवता येईना.

आता आर्डिस क्वालेबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवशीची चूक तिची होती. आर्डिस आमच्या शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं. आमच्याकडे शिशुवर्गापासून बारावीपर्यंत एकच इमारत, त्यामुळे गावातल्या निम्म्या माणसांनी रोज सकाळी तिचा आवाज कर्ण्यावरून ऐकलेला. जेवायला आज काय, वाढदिवस कोणाचा, कोणाचा एक हातमोजा सापडलाय. बंदूक घेऊन कोणी शाळेत शिरलं तर काय करायचं, त्या लॉकडाऊनच्या सरावासाठी तिच्या टेबलावर काचेखाली एक कार्ड होतं. त्यावर दोनच ओळी. पहिली, "लॉकडाऊन. दारं लावा, दिवे मालवा." दुसरी, "हा सराव आहे."

त्या सकाळी दहा वीसला तिने माइक हातात घेतला, तेव्हा समोर पहिलीतलं एक पोर नाकातून रक्त गळत उभं होतं. एका हाताने तिने त्याचं नाक दाबलं, दुसऱ्या हाताने माइकचं बटण. पहिली ओळ वाचली. पोर रक्त बघून किंचाळलं. दुसरी ओळ राहिली.

चार मिनिटांनी तिच्या लक्षात आलं. धावत माइकशी गेली. "मुलांनो, हा सराव होता. मी सांगायचं विसरले. उघडा दारं, खरंच उघडा."

एक दार उघडलं नाही.

कारण शिकवलेलंच तसं होतं. एकदा दारं लागली की कर्ण्यावरून कोणीही उघडा म्हणालं तरी उघडायचं नाही. बोलणाऱ्याच्या डोक्याला बंदूक लावलेली असू शकते. आणि आर्डिसचा आवाज रडवेला होता. पोरांना वाटलं, झालं, लावलीच. बिचारी जितकी विनवत गेली तितकी पोरं भिंतीला जास्त चिकटत गेली. शिशुवर्गाच्या बाईंनी लहानग्यांसाठी एक गाणं बांधलंय,

"दिवा मालव, दार लाव, भिंतीपाशी बस,
उंदरावाणी गप्प राहून हळूच घे श्वास."

ते गाणं वीस पोरं ओठ न हलवता मनातल्या मनात म्हणत होती, असं नंतर कळलं. शेवटी शेरीफ आला आणि एकेक वर्ग स्वतः किल्लीने उघडत गेला. चौतीस खोल्या. तोवर तास उलटला होता.

माझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा जुना फोन वाजला तो पावणेअकराला. हार्डवेअरच्या दुकानातली डॉनेट. "जोलीन, शाळेत लॉकडाऊन लागलाय. सराव म्हणाले नाहीत. शेरीफच्या गाड्या गेल्या आत्ता."

मी फोन ठेवला. गाडीची चावी समोर खुंटीवर होती. दार चार पावलांवर.

मी तळघराचा जिना उतरले.

बंदुकांचं कपाट जिन्याखाली. किल्ली वेंडेलच्या जुन्या बुटात, हे घरात सगळ्यांना माहीत. उलटी धरलेली किल्ली भोकात जाईना. मग गेली. वेंडेलच्या दोन. बदकांची एक. माझ्या बापाची एक, दस्ता झिजून गुळगुळीत झालेली. आणि टोबिनला बाराव्या वाढदिवसाला दिलेली छोटी. पाच. पुन्हा मोजल्या. बोट लावून, एकेका नळीला हात लावून मोजल्या. पाच. काडतुसांचे खोके हलवून बघितले. तिथेच थांबले का? नाही. वर गेले, त्याच्या खोलीत गेले, गादी उचलली, खण उपसले. मोजे, शेवयांचे रिकामे पेले, एका वहीत गणितं आणि समासात बदकं. पंख मिटलेली, पाण्यावर झोपलेली बदकं.

मी त्याच्या पलंगावर बसले आणि हसले. देवाशप्पथ हसले. माझं पोर नाही. दुसऱ्या कोणाचं तरी आहे, माझं नाही.

आणि मग, किती वेळाने कोण जाणे, त्या हसण्यातच डोक्यात उजेड पडला. तो मारणारा नाही, म्हणजे तो दाराआड आहे. म्हणजे तो मरणाऱ्यांत असेल.

मोबाइल शिवणयंत्रापाशी, एका झग्याच्या अस्तराखाली राहिला होता. घेतला नाही, बघितला नाही. घरात घालायच्या सपाता तशाच, मी निघाले.

पोरांना शाळेतून चालवत लुथरन चर्चच्या तळघरात आणलं होतं. आईबापाने यायचं, कागदावर सही करायची, वेळ घालायची, पोर न्यायचं. माझ्या सहीपुढे बारा दहा लिहिलंय. माझ्या आधीच्या पानावर अकरा वीस, अकरा पंचवीस, अकरा सत्तावीस. मोठ्या सभागृहात घडीच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या, कॉफीच्या भांड्याखालचा दिवा जळत होता. एका कोपऱ्यात पाचवीतली एक मुलगी आणि दुसऱ्या कोपऱ्यात टोबिन.

मी त्याला धरलं. त्याने धरू दिलं.

"कुठे होतीस?"

आणि मी म्हणाले, "मालगाडी रे. सोयाबीनची. फाटकात अडकले. संपेचना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या सपातांकडे. म्हणाला, "बरं."

घरी आल्यावर अस्तराखालून फोन काढला. तीन निरोप. "आई, लॉकडाऊन आहे, सराव म्हणाले नाहीत." मग, "कपाटामागे आहोत. कोडी रडतोय. तू घरात दारं लावून बस." आणि शेवटचा नुसता, "आई?"

वेंडेल कामावरून आला, सगळं ऐकलं, टोबिनच्या मानेला हात घालून बराच वेळ उभा राहिला. बोलणाऱ्यांतला नाही तो. पुढचे आठ दिवस मालगाडीवर त्याचे विनोद चालले. मीठ द्यायला उशीर झाला, "मालगाडी आली वाटतं." न्हाणीघरात मला वेळ लागला, "किती डबे आहेत गं?" टोबिन हसायचा नाही. ताटातलं उरकून उठायचा.

त्याच आठवड्यात मी गावाबाहेरच्या मोठ्या दुकानातून आकड्यांचं कुलूप आणलं आणि कपाटाला लावलं. वेंडेलला आकडे सांगितले. तो म्हणाला, "हे काय नवीन? दोन आठवड्यांनी हरणांचा हंगाम उघडतोय."

"घरात मूल आहे."

"सोळा वर्षांचं मूल. या वयात मी एकट्याने हरीण पाडून, सोलून, पाठीवर आणलं होतं."

"ते ऐकलंय मी. दर वर्षी हरीण थोडं मोठं होतं."

तो हसला, मी हसले, आणि विषय तिथेच राहिला. कारण पुढचं वाक्य बोलायचं तर मला तळघरापासून सुरुवात करावी लागली असती. आणि वेंडेलला सांगायचं म्हणजे पोरालाही कळणार. भिंती पातळ आमच्या.

दिवसा मशीनवर पाय चालायचा आणि मन त्याच शिवणीवर मागे पुढे. खोटं तसंच ठेवलं तर टोबिन समजणार की तो आईला हाका मारत होता आणि आई आली नाही. खरं सांगितलं तर त्याला कळणार की आईने त्याच्याबद्दल काय धरलं. कोणत्या आईने पोराच्या तोंडावर सांगावं ते? आणि सांगितल्यावर पोर तिच्या हातचा पाव खाईल का पुन्हा?

आर्डिसने नोकरी सोडल्याचं कळलं तेव्हा मी आमच्या रीतीप्रमाणे हॉटडिश घेऊन गेले. खिमा, बटाटा आणि डब्यातलं सूप एका भांड्यात भाजायचं, झाकायचं, संकट असेल त्या घरी नेऊन ठेवायचं, हवेबद्दल दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. आर्डिसने दार उघडलं, भांड्याकडे बघितलं.

"बारावं," ती म्हणाली. "माझ्या फ्रिजचं दार लागत नाही आता. ये आत. हवेबद्दल बोललीस तर हाकलून देईन."

सत्तरीला टेकलेली बाई, पण त्या दिवशी केस सुद्धा विंचरलेले नव्हते. टेबलावर तिची शाळेतली गोळ्यांची बरणी होती. पेपरमिंटच्या, पोरांना द्यायच्या. निघताना तेवढी घेऊन आली होती.

"कोणी रागावलं का तुमच्यावर?" मी विचारलं.

"रागावतील तर बरं गं पोरी. पाद्री म्हणतो, होतं असं. मुख्याध्यापक म्हणतात, कार्ड नीट छापायला हवं होतं. म्हणे कार्ड! एकतीस वर्षं त्या कार्डाशिवाय मला बोलता येत होतं." तिने बरणीचं झाकण उघडलं, लावलं. "तिसरीतली ती लहान एलोवेन. भिंतीशी बसल्या जागी तिची चड्डी ओली झाली. आता शाळेत जात नाही. तिची आई म्हणते, पोटात दुखतं. पोटात कसलं दुखतंय."

"मग?"

"मग गेले तिच्या घरी. गुडघे टेकले. या गुडघ्यांनी, जोलीन, परत उठायला दोन माणसं लागली. तिला म्हटलं, बाई, दाराबाहेर कोणी नव्हतं. मी एक ओळ वाचायची विसरले. तू भित्री नाहीस, म्हातारी विसरभोळी आहे."

"काय म्हणाली ती?"

"आधी बराच वेळ माझ्या नाकाकडे बघत होती. मग म्हणाली, हिरवी गोळी आहे का." आर्डिसने डोळे पुसले, पण हसली. "सोमवारी शाळेत गेली म्हणे. माझ्यामुळे असं नाही म्हणत मी. पण तिच्या डोक्यात ती एकटीच चुकली होती, तेवढं तरी निघालं."

माझ्या जिभेवर आलं होतं. तळघर, पाच नळ्या, पलंगावरचं हसू. आर्डिसला सांगणं सोपं होतं, आणि म्हणूनच मी सांगितलं नाही. जे एका माणसाचं देणं आहे ते दुसऱ्याच्या दारात टाकून हलकं व्हायचं, हे बरं दिसलं नाही. मी उठले. दारात तिने माझ्या हातात दोन गोळ्या ठेवल्या. "टोबिनला दे. आठवीत रोज कचेरीत यायचा, उगाचच काहीतरी विचारायला. मला कळायचं, जेवायच्या सुट्टीत याला बाहेर जायचं नाहीये. मी विचारलं नाही कधी. तेही माझंच चुकलं."

त्या शुक्रवारी शाळेने पोरांबरोबर एक कागद पाठवला. "आमच्या घरातली शस्त्रं कुलपात आहेत आणि किल्ली मुलांच्या हाती लागत नाही." खाली सहीसाठी दोन रेघा, एक पालकाची, एक विद्यार्थ्याची. सक्ती नाही, असंही बारीक अक्षरात.

गाव पेटलं. बेकरीत, पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर दुसरं बोलणं नाही. आमच्या घरात काय आहे ते शाळेने विचारायचं कारण काय? कोडीचा बाप म्हणाला, सगळ्या शिक्षकांना बंदुका द्या, संपलं. डॉनेट म्हणाली, गणिताच्या त्या मास्तरांना? चष्मा डोक्यावर ठेवून तास तास चष्मा शोधतात ते. वेंडेलने कागद फ्रिजला चिकटवला आणि म्हणाला, "आज बंदुका विचारतायत, उद्या चड्ड्या किती ते विचारतील." पण फाडला नाही. शनिवारी पहाटे तो जंगलातल्या खोपटाचं छप्पर बघायला गेला. टोबिनला चल म्हणाला. टोबिन नाही म्हणाला.

सकाळी दहाचा सुमार असेल. मी एका जाकिटाला चेन लावत होते. टोबिन खाली आला, फ्रिजवरचा कागद काढला आणि माझ्या टेबलावर, नारिंगी कापडावर ठेवला. समोर बसला. गेल्या तीन महिन्यांत तो आपणहून माझ्यासमोर बसला नव्हता.

"सही करणारेस?"

"करते."

"आता खरं आहे म्हणून."

मी चेन खाली ठेवली.

"मी सात वर्षांचा असल्यापासून मला माहितीये, किल्ली बाबांच्या बुटात," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात आकड्यांचं कुलूप आलं. त्या दिवसानंतर."

"हो."

"का?"

"तुम्हा सगळ्यांच्या काळजीने."

"बरं." त्याने कागदाचा कोपरा दुमडला, सरळ केला. "आई, चर्चच्या तळघरात वर एक छोटी खिडकी आहे ना, मी तिच्याखाली खुर्ची ठेवून बसलो होतो. रूळ दिसतात तिथून. पाऊण तास बघत होतो. गाडी गेली नाही."

मशीनच्या दिव्यापाशी एक माशी फिरत होती. नोव्हेंबरातली माशी, पाय ओढत चालणारी.

"मला राग नाहीये," तो म्हणाला. "काम असेल तुझं. कोणाचा तरी झगा असेल. फक्त... कोडीची आई एका पायात बूट घालून आली होती. लोगनचा बाप ट्रॅक्टर घेऊन आला, आई. ट्रॅक्टर! तीन मैल. मागे गाड्यांची रांग, कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. सगळे हसले. मीही हसलो." मग त्याचा आवाज खाली गेला. "मग हळूहळू सगळे गेले. मी मोजत होतो, कोण उरलंय. शेवटी ती पाचवीतली आणि मी. तिची आई दुसऱ्या गावी नर्स आहे, तिला दोन तास लागतात. तुला सात मिनिटं लागतात."

"टोबिन..."

"कपाटामागे बसलो होतो तेव्हा सगळे कोणाकोणाला लिहीत होते. माझ्याकडे लिहायला तूच होतीस. मी म्हटलं, फोन बघेल, उत्तर देईल. मग म्हटलं, बघितला असेल." त्याने खांदे उडवले. बापाची सवय. "बघितला असेल आणि बसून राहिली असेल. चालेल. तेवढं मला कळलं की झालं."

तेवढं कळलं की झालं! माझ्या पोराने इतके दिवस हे मनाशी धरून जेवणं केली होती, अंथरुणं घातली होती, माझ्या हातचं ताट घेऊन जिना चढला होता. मी त्याला जपत होते म्हणे. कोणापासून जपत होते? मला वाटलं, खरं ऐकलं तर याचं काळीज फुटेल. ते तर त्या खुर्चीतच फुटलं होतं, रुळांकडे बघताना, आणि मी आपली वरून मालगाडी फिरवत होते.

तरी मी चेन पुन्हा हातात घेतली. आमच्या गावात माणसं बर्फाखाली हात घालून काहीही काढतील, पण गळ्यातलं वाक्य निघत नाही. एक सोपं वाक्य अजूनही हाताशी होतं. फोन अस्तराखाली राहिला, दिसला नाही. तेही खरंच होतं. तेवढ्यावर तो मान हलवून उठला असता, कदाचित बरंही वाटलं असतं त्याला.

तो खुर्ची मागे सरकवू लागला.

"बस," मी म्हणाले. "बस जरा. गाडी नव्हती."

तो बसला.

"फोन बघितला नाही मी. तो कापडाखाली होता, ते खरं. पण म्हणून उशीर झाला नाही. भिंतीवरच्या फोनवर डॉनेटने सांगितलं, पावणेअकराला. गाडीची चावी समोर होती. मी आधी तळघरात गेले." माझा आवाज मलाच परका वाटत होता, पण थांबले असते तर पुन्हा सुरू झाला नसता. "कपाट उघडलं आणि बंदुका मोजल्या. दोनदा मोजल्या. मग तुझी खोली उपसली, गादीखाली बघितलं, तुझ्या वह्या चाळल्या. शाळेत बंदूक घेऊन जो कोणी शिरला असेल तो तू आहेस असं मला वाटलं, टोबिन. तुझी भीती वाटली मला."

त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो उठला नाही. टेबलावरचा हात त्याने मागे घेतला नाही. आणि तो उठला नाही म्हणून मी उरलेलंही सांगितलं.

"पाचही जागेवर होत्या. आणि मला आनंद झाला. तुझ्या पलंगावर बसून मी हसले. तू आत दाराआड अडकलायस हे मला त्यानंतर सुचलं, मग मी धावले. त्याच्या आधी नाही धावले, बाळा."